थँक्सगिव्हिंगची टर्की: अख्खी, सपाट, तळलेली की धुरावरची?

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाला, टर्की कशी करावी याचं ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घरी साधा ओव्हन आहे आणि आठ-दहा माणसं जेवायला आहेत तर १२ ते १४ पाउंडाची टर्की आणा, दोन दिवस आधी नुसतं मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडी ठेवा, पाठीचा कणा कापून काढा, ट्रेमध्ये सपाट पसरा आणि ४२५ डिग्रीला भाजा. दीड तासाच्या आसपास होते. लेग पीस मऊ, ब्रेस्ट पीस रसाळ, कातडी कुरकुरीत, आणि ओव्हन लवकर रिकामा झाल्यामुळे बाकीचे पदार्थ पण वेळेवर. याला इकडे स्पॅचकॉक म्हणतात. आम्ही टेक्सासमध्ये राहतो, डॅलसच्या बाजूला, आणि अख्खी भाजलेली, बॅगेत घालून केलेली, तेलात तळलेली, स्मोकरमधली म्हणजे धुरावर शिजवलेली, दुकानातून तयार आणलेली असे सगळे प्रकार आमच्या घरी नाहीतर शेजारी-नातेवाईकांकडे होऊन गेलेत आणि मी मनापासून खाल्लेत, म्हणून प्रत्येकाबद्दल नीट लिहिते. डिग्री सगळीकडे फॅरनहाइट समजा.

आमच्या मराठी ग्रुपवर दर नोव्हेंबरला हाच विषय निघतो, टर्की कोरडी होते, चोथा होतो, त्यापेक्षा चिकन नाहीतर मटण करूया. चोथा होतो हे खरंय, तसला चोथा मी पण बऱ्याच घरी खाल्लाय, वर ग्रेव्ही ओतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. पण त्यात टर्कीचा काही दोष नाही हो. ब्रेस्ट म्हणजे पांढरं मांस, त्यात चरबी जवळजवळ नाहीच, ते १५०-१५५ च्या पुढे गेलं की पाणी सोडायला लागतं आणि १७५ ला पोचलं की संपलं. लेग पीसचं बरोबर उलटं, दिवसभर चालणारा पक्षी, पायात स्नायू आणि शिरा भरपूर, तिथलं कोलॅजन (मांस चिवट ठेवणारे धागे) वितळायला १७५-१८० लागतंच, त्याच्या आत काढलं तर शिजलेलं असूनही चिवट लागतं. म्हणजे एकाच टर्कीच्या दोन भागांना दोन वेगळी टेंपरेचर हवीत, आणि अख्खी टर्की ट्रेमध्ये ठेवली की ज्याला कमी पाहिजे ती छाती वर उघडी आणि ज्याला जास्त पाहिजे त्या मांड्या खाली दडलेल्या. सगळी गडबड इथेच आहे. त्यामुळे कुठलाही प्रकार असो, मी एकच बघते, की तो लेगला ब्रेस्टच्या पुढे जाऊ देतो की नाही.

आणि हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची करा, मोठा रोस्टिंग पॅन नंतर. पटकन आकडा दाखवणारा, बारीक टोकाचा डिजिटल घ्या, १५-२० डॉलरमध्ये पण बरा मिळतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा म्हणजे यूएसडीएचा नियम १६५ चा आहे (आपल्या हिशोबाने ७४ सेल्सियस) आणि तो तीन ठिकाणी बघायचा, ब्रेस्टचा सगळ्यात जाड भाग, मांडीची आतली बाजू आणि पंखाची आतली बाजू, टोक हाडाला टेकवायचं नाही, नाहीतर आकडा चुकीचा येतो. मी ब्रेस्ट १६० ला असताना बाहेर काढते आणि थर्मामीटर आतच ठेवते, बाहेर पण आतली उष्णता पुढे सरकत राहते आणि १६५ होतं, नाही झालं तर परत पाच मिनिटं आत. काही टर्कीच्या छातीत प्लास्टिकचं बटण खोचलेलं येतं, शिजली की वर उडतं असं असतं ते, त्याच्यावर अजिबात अवलंबून राहू नका, ते एकाच जागचं सांगतं आणि मी जेवढ्या वेळा बघितलंय तेवढ्या वेळा थर्मामीटरच्या बऱ्याच नंतर उडालंय, तोपर्यंत ब्रेस्ट गेलेलं असतं.

आता आपल्या मराठी घरांचा एक वेगळा प्रश्न. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १९४१ च्या कायद्यानेच ठरलेलं आहे, आणि आपल्यात कितीतरी घरी गुरुवारी नॉनव्हेज नसतंच. त्यात मार्गशीर्ष लवकर लागला तर विचारूच नका. २०२२ ला २४ नोव्हेंबर आणि २०२५ ला २७ नोव्हेंबर, दोन्ही वेळा थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले. घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला, सासूबाई पोथी वाचतायत, आणि ओव्हनमध्ये टर्की, असं होऊच शकत नाही. आमच्याकडे म्हणून टर्की शुक्रवारी असते. गुरुवारी पुरणपोळी, शुक्रवारी टर्की, सगळ्यांना सुट्टीच असते, कुणाचं काही अडत नाही, आणि मला तर हे जास्त आवडतं कारण गुरुवारी संध्याकाळी निवांत बसून बाकीची तयारी होते. तुमच्याकडे पण गुरुवार पाळत असतील तर चिकनकडे वळू नका, दिवस बदला.

शुक्रवारची असेल तर फ्रोझन टर्की रविवारी सकाळी फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये ठेवायची, खाली खोलगट ट्रे घालून, कारण पाणी सुटतं. हिशोब असा की दर ४-५ पाउंडाला २४ तास, म्हणजे १४ पाउंडाची बुधवारी सकाळी बर्फ वितळून सुटते. बुधवारी मीठ, शुक्रवारी दुपारी ओव्हन. राहिलीच गोठलेली तर गार पाण्यात बुडवून ठेवायची, दर पाउंडाला अर्धा तास आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, म्हणजे १४ पाउंडाला सात तास लागतात, आणि अशी सुटलेली टर्की लगेच शिजवावी लागते. ओट्यावर रात्रभर ठेवायचा प्रकार करू नका, बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फ तसाच असतो. आणि आपल्याला चिकन-मटण नळाखाली धुवायची सवय असते, ती पण इथे सोडून द्या, धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट सिंकभर आणि ओट्यावर उडतात. पेपर टॉवेलने आतून बाहेरून टिपून कोरडी करा. आत मानेकडे आणि पोटात अशा दोन्ही जागा चाचपून बघा, एकीकडे मान असते आणि दुसरीकडे काळीज-गिझर्डची पिशवी, ती काढून ठेवा, ग्रेव्हीला लागते.

मिठाबद्दल. पूर्वी सगळे बादलीभर खारट पाण्यात टर्की बुडवायला सांगायचे. त्याने मांस ओलसर होतं पण ते ओलसरपण पाण्याचंच असतं, चव पातळ होते, कातडी भिजते आणि फ्रीजमध्ये बादली मावत नाही ते वेगळंच. कोरडं मीठ त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. दर ५ पाउंडांना साधारण एक टेबलस्पून कोशर मीठ, म्हणजे ते जाड खड्याचं, साधं बारीक मीठ असेल तर निम्मं. आधी मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं, आणि फ्रीजच्या कोरड्या हवेत कातडी सुकून चामड्यासारखी घट्ट होते, तीच पुढे कुरकुरीत होते. पण त्याआधी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. फ्रोझन टर्कीवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की यात ८ टक्क्यांपर्यंत मिठाचं द्रावण आहे, म्हणजे कंपनीनेच आधी टोचलंय. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे तयार केलेली टर्की पण आधीच मिठात ठेवलेली असते. तसली असेल तर मीठ अगदी थोडं, नुसतं कातडीवर, नाहीतर ग्रेव्ही तोंडात घालता येणार नाही.

आता एकेक प्रकार. अख्खी भाजणं म्हणजे फोटोतली टर्की, मधोमध ठेवायची आणि सगळ्यांसमोर कापायची. ३२५ ला १४ पाउंडाला साडेतीन-पावणेचार तास. फोटो सुंदर येतो हे मी मान्य करते, आणि घरात पहिल्यांदाच टर्की होत असेल, पोरांना ते दृश्य बघायचं असेल, तर जरूर करा. फक्त काही गोष्टी सांभाळा. पाय दोऱ्याने आवळून बांधू नका, बांधले की मांड्यांच्या आतल्या बाजूला हवा लागत नाही आणि जे आधीच उशिरा शिजतं ते अजून उशिरा शिजतं. पाय ओव्हनच्या मागच्या बाजूला ठेवा, बहुतेक ओव्हन तिकडे जास्त तापतात. ब्रेस्टला रंग आला की त्याच्यावर फॉइल टाका. दर अर्ध्या तासाने दार उघडून वरून रस ओतत बसू नका, तो रस आत जात नाही, कातडीवरून ओघळून खाली येतो आणि दर वेळी ओव्हन गार होतो. आणि पोटात स्टफिंग म्हणजे ब्रेडचं सारण भरू नका, कारण आतला ब्रेड पण १६५ ला पोचावा लागतो आणि तो पोचेपर्यंत ब्रेस्ट करपून जातं, वेगळ्या भांड्यात करा, वरचा थर कुरकुरीत होतो तो बोनस. हे सगळं सांभाळून अख्खी टर्की चांगली होते, एक नंबर होत नाही. आणि चार तास ओव्हन अडकतो, एकच ओव्हन असलेल्या घरात हे मला सगळ्यात जड जातं. पाचपैकी तीन.

स्पॅचकॉकबद्दल मात्र मला भरभरून लिहायचंय, कारण भीतीमुळे लोक हा प्रकार करतच नाहीत. टर्की पालथी घालायची, शेपटीकडून सुरू करून कण्याच्या एका बाजूने जाड कात्रीने कापत मानेपर्यंत जायचं, मग दुसऱ्या बाजूने. चिकनचा कणा कुठल्याही कात्रीने कापला जातो, टर्कीला चांगली पोल्ट्री कात्रीच लागते, मांडीच्या सांध्याजवळ हाड जाड आहे, तिथे जोर लावायला लागतो, नाहीच जमलं तर जड सुरी आणि वरून तळव्याने दाब. कात्रीवर पैसे घाला, एकदाच घ्यायची आहे. बऱ्याच दुकानांत मीट काउंटरवर विचारलं तर ते कापून पण देतात, मात्र टर्की सुटलेली पाहिजे, गोठलेली असेल तर नाही करत. कणा निघाला की सुलटी करायची, दोन्ही तळवे छातीच्या मधोमध ठेवायचे आणि अंगाचा भार टाकून दाबायचं, खाडकन आवाज येतो आणि ती सपाट बसते. पंखांची टोकं ब्रेस्टच्या मागे खोचायची म्हणजे जळत नाहीत. कणा, मान, गिझर्ड हे सगळं लगेच एका पातेल्यात कांदा, सेलरी, मिरी घालून मंद आचेवर टाकून द्यायचं, टर्की होईपर्यंत ग्रेव्हीचा स्टॉक तयार.

रोस्टिंग पॅन नको याला, साधा मोठा बेकिंग ट्रे, त्यावर जाळी, खाली कांदा-गाजराचे तुकडे आणि थोडं पाणी म्हणजे गळालेली चरबी धूर करत नाही. ४२५ ला १२-१४ पाउंड ८० ते ९० मिनिटांत होते. आणि मजा म्हणजे ती भानगडच मिटते जी वर सांगितली, सपाट केल्यावर मांड्या बाहेरच्या कडेला येतात, उघड्या पडतात, छाती मध्ये जाड राहते, त्यामुळे ब्रेस्ट १६० ला असतं तेव्हा मांडी आपोआप १७५ च्या आसपास पोचलेली असते. शिवाय सगळी कातडी वरच्या बाजूला, म्हणून सगळीच कुरकुरीत होते, अख्ख्या टर्कीत खालची अर्धी कातडी पांढरी आणि लिबलिबीत राहते तसं होत नाही. बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवायची, फॉइल घट्ट गुंडाळायची नाही, वाफेने कातडी मऊ पडते. तेवढ्या वेळात ओव्हनमध्ये स्टफिंग, पाय (म्हणजे गोड pie, टर्कीचे पाय नाही), भांड्यात भाजायची कॅसरोल, जे काय असेल ते. पाचपैकी पाच, आणि हे मी कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे. एकच तोटा, टेबलवर अख्खी आणून कापता येत नाही, आत कापून मोठ्या ताटात मांडून आणायची.

मसाल्याचं विचारतात बऱ्याच जणी. दही लावून तंदुरी टर्की इकडे खूप घरी करतात, चव छान येते पण दह्याने कातडी ओली राहते आणि मसाला मांसात फारसा आत जात नाही, एवढा जाड पक्षी आहे. आणि वरून लावलेलं तिखट ४२५ ला जळतं, कडू होतं. मी काय करते, मऊ लोण्यात आलं-लसूण, कांदा लसूण मसाला आणि थोडी कोथिंबीर घालून कालवते आणि कातडीखाली हात सरकवून ब्रेस्टवर आणि मांडीवर पसरते, वरून कातडीवर फक्त तेल. मसाला झाकलेला राहतो, जळत नाही, लोणी वितळून त्यातच मुरतं. कांदा लसूण मसाल्यात मीठ असतंच, म्हणून आधी चोळायचं मीठ थोडं कमी घ्यायचं. अमेरिकन पाहुणे असतील तर एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला साधं सेज-थाइमचं लोणी, आमच्याकडे दोन्ही बाजू सारख्याच संपतात.

ओव्हन बॅग (ओव्हनमध्ये चालणारी पिशवी) आणि इलेक्ट्रिक रोस्टर (भाजायचं वेगळं विजेचं भांडं) यांच्याबद्दल थोडक्यात. बॅगेत एक चमचा मैदा टाकून हलवायचं, टर्की घालून ३५० ला दोन-अडीच तास, मांस मऊ, रस भरपूर, ओव्हन स्वच्छ राहतो, पण आत वाफच असते, म्हणजे ती उकडलेलीच म्हणायची, कातडी तपकिरी दिसते पण खाण्यासारखी नाही. मांस सोडवून बिर्याणी नाहीतर सँडविच करायचं असेल तर उत्तम. रोस्टरचा फायदा एवढाच की ओव्हन मोकळा राहतो, तीस-चाळीस माणसांचा पॉटलक म्हणजे सगळ्यांनी पदार्थ आणायचं जेवण असेल तर कामाचा, कातडीची तीच रड.

आता तळलेली. आमच्या शेजारचे गृहस्थ मूळचे लुइझियानाचे आहेत, तिकडे ही पद्धत पक्की रुजलेली आहे, आणि त्यांच्या हातची तळलेली टर्की खाल्ल्यावर माझं मत बदललं हे सांगायलाच पाहिजे. कातडी अक्षरशः पापडासारखी फुटते, आत ब्रेस्टमधून रस गळतो, कारण एक तर ते आदल्या दिवशी मोठ्या सिरिंजने लोणी आणि तिकडचा केजन मसाला टोचतात, आणि दुसरं म्हणजे ३५० च्या तेलात दर पाउंडाला साडेतीन मिनिटं, म्हणजे १२ पाउंडाची पाऊण तासाच्या आत होते. शिवाय तेल पोटातून पण फिरतं, मांड्या आतून बाहेरून दोन्हीकडून शिजतात, लेगचा प्रश्न इथे पण सुटतो. चवीला पाचपैकी पाच.

पण ते ज्या पद्धतीने करतात ते जवळून बघा आणि मग ठरवा. आधी रिकाम्या भांड्यात टर्की ठेवून वरून पाणी ओततात, टर्की बुडली की ती बाहेर काढतात आणि पाणी कुठपर्यंत आलं तिथे खूण करतात, तेल तेवढंच. मग भांडं आणि टर्की दोन्ही खडखडीत कोरडं. बर्नर घरापासून लांब, काँक्रीटवर, सपाट जागी, गॅरेजमध्ये नाही आणि लाकडी डेकवर तर नाहीच. कोपरापर्यंत जाड हातमोजे, पायात बूट, पोरं आणि कुत्रा घरात. टर्की सोडायच्या आधी बर्नर बंद करतात, आकड्याला लटकवून बोट-बोटभर खाली सोडतात, पूर्ण गेली आणि तेल शांत झालं की मगच परत पेटवतात. हे सगळं का, तर टर्कीच्या पोटात बर्फाचा एक गोळा जरी राहिला तरी त्याची एका क्षणात वाफ होते, पाण्याची वाफ होताना ते साधारण सतराशे पट फुगतं, तेल उसळून बाहेर येतं, खाली ज्वाला असतेच. एनएफपीए ही आगीपासूनच्या सुरक्षेचं काम करणारी इथली मोठी संस्था, ती घरी असे गॅसवरचे फ्रायर वापरूच नका म्हणून सांगते, आणि स्वयंपाकाच्या आगी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सगळ्यात जास्त लागतात. मला तो सल्ला पटतो. ज्याने लहानपणापासून हे बघितलंय त्याच्याकडे जाऊन खा, घरी पहिल्यांदा करायला जाऊ नका. फारच हौस असेल तर झाकणाचा, थर्मोस्टॅटवाला इलेक्ट्रिक फ्रायर घ्या, त्यात उघडी ज्वाला नसते, पण टर्की पूर्ण सुटलेली आणि कोरडी हा नियम तिथे पण तसाच.

तेलाबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. शेंगदाणा तेल लागतं म्हटल्यावर आपल्याला वाटतं घरात आहेच की, नाहीतर इंडियन स्टोअरमधून घाण्याचं आणू. घाण्याचं अजिबात नाही, ते ३२० च्या आसपासच धूर सोडायला लागतं आणि टर्की ३५० ला तळायची आहे. रिफाइंड पीनट ऑइलच पाहिजे, ते ४५० पर्यंत टिकतं. तीनेक गॅलन लागतं, स्वस्त नाही, नंतर गाळून ठेवायचं नाहीतर नीट टाकायचं ही वेगळी कामं, आणि पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी विचारायचं. ग्रेव्हीला खाली रस मिळत नाही हा पण एक तोटा. बिनतेलाचे प्रोपेनवरचे फ्रायर मिळतात, नावाला फ्रायर, उष्णतेने भाजतात, सुरक्षित आहेत, टर्की चांगली होते, पण तळलेल्याची चव त्यात शोधू नका.

स्मोकर. माझे धाकटे दीर ह्यूस्टनला असतात, त्यांच्याकडे पेलेट स्मोकर आहे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आपोआप पडत राहतात आणि टेंपरेचर स्वतःच सांभाळतं, कोळशासारखं रात्रभर जागावं लागत नाही. चवीच्या बाबतीत मला सगळ्यात आवडलेली टर्की तीच. मांसाला कडेने गुलाबी छटा येते, ती धुराची असते, कच्चं राहिल्याची नाही, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर कुणी हात लावत नाही. लाकूड पेकन, सफरचंद नाहीतर चेरीचं, हिकरी बेताने, आणि टेक्सासमध्ये मेस्कीट सगळीकडे मिळतं पण टर्कीला ते फार उग्र होतं, कडवट चव येते.

अडचण कातडीची. २२५ ला ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीचा तुकडा होतो, टर्की पण होते, पण कातडी रबरासारखी राहते, चावत नाही, कारण तेवढ्या टेंपरेचरला चरबी नीट वितळतच नाही. आणि अख्खी मोठी टर्की इतक्या मंद आचेवर ठेवली तर ४० ते १४० डिग्री या जंतू वाढणाऱ्या टप्प्यात ती फार वेळ राहते, हे धोक्याचं आहे. म्हणून दीर आता स्पॅचकॉक करूनच ठेवतात आणि २७५ ते ३०० ला, शेवटी वाढवून ३५० ला, तीन-साडेतीन तासांत होते, कातडी चावता येते, ओव्हनइतकी कुरकुरीत नाही. घरात स्मोकर आधीच असेल तर नक्की करा, पाचपैकी साडेचार. फक्त टर्कीसाठी म्हणून शेकडो डॉलरचा स्मोकर घेऊ नका. धुराचीच आवड असेल तर टायलर गावच्या ग्रीनबर्गची स्मोक्ड टर्की पार्सलने येते, पूर्ण शिजलेली, काळपट दिसते, मिरी आणि धूर दोन्ही दणकून, गारच पातळ कापून खायची.

तयार जेवणाचं सांगायचं तर एका वर्षी आमच्या जवळच्या एका मोठ्या दुकानातून पूर्ण थँक्सगिव्हिंग डिनर मागवलं होतं, टर्की, मॅश्ड पोटॅटो, ग्रेव्ही, पाय, सगळं. टर्की शिजलेली पण फ्रीजमधली गार मिळते हे कुणी सांगत नाही, घरी आणून ती दोन-अडीच तास गरम करावी लागली, म्हणजे ओव्हन अडकायचा तो अडकलाच, आणि एकदा शिजलेलं ब्रेस्ट परत गरम केल्यावर ते कोरडं होणारच होतं. ग्रेव्ही नुसती कॉर्नस्टार्चची. आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर घ्या, नाहीतर त्या पैशात दोन टर्की येतात.

चार जणांचं घर असेल तर अख्खी टर्की आणायचा हट्टच नको. हाडासकट ब्रेस्ट वेगळं मिळतं, लेग्ज वेगळे मिळतात, आणि वेगवेगळे शिजवले की कुणी कुणासाठी थांबत नाही. ब्रेस्ट मीठ लावून ओव्हनमध्ये, आणि लेगचा सरळ आपला मटणासारखा रस्सा, सुकं खोबरं, कांदा भाजून वाटलेलं वाटण, मंद आचेवर दोन तास. टर्कीच्या तंगडीत पातळ काड्यांसारखे टणक स्नायुबंध असतात, शिजल्यावर ते बोटांनी नाहीतर पक्कडीने एकेक ओढून काढा, पोरांना वाढायच्या आधी नक्की. माझ्या आईला, ती पुण्याहून आलेली असताना, भाजलेल्या टर्कीपेक्षा हा रस्सा जास्त आवडला, भाकरीबरोबर खाल्ला तिने.

पहिल्यांदा करत असाल आणि मध्येच अडलात तर बटरबॉलचा टर्की टॉक लाइन म्हणून फोन आहे, १९८१ पासून चालू आहे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माणसं प्रत्यक्ष बोलतात, टर्की त्यांचीच पाहिजे असं काही नाही, फुकट आहे. मी टर्की पुरेशी सुटली की नाही हे विचारायला केला होता, बाईंनी घाई न करता सगळं विचारून घेतलं आणि सरळ उत्तर दिलं, अशी सेवा हल्ली मिळत नाही.

सोबत क्रॅनबेरी सॉस तर असतोच, पण पिशवीतल्या अर्ध्या क्रॅनबेरींचं मोहरी-मेथी घालून, वर हिंगाची फोडणी देऊन लोणचं करून बघा, त्यांना आंबटपणा मुळातच असतो, लिंबू पण लागत नाही, आणि टर्कीबरोबर सॉसपेक्षा ते छान जातं.

उरलेलं मांस जेवणानंतर दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून फ्रीजमध्ये, ३-४ दिवसांत संपवायचं, जास्त असेल तर लगेच फ्रीझरला. सांगाडा टाकू नका. तो मोडून मोठ्या पातेल्यात आलं-लसूण, मिरी, तमालपत्र घालून दोन-तीन तास उकळा, जे अळणी म्हणजे मांसाचं पाणी मिळतं त्याचा पांढरा रस्सा करा, काजू, तीळ, खसखस वाटून आणि नारळाचं दूध शेवटी, दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फाटतं. स्मोकरमधल्या टर्कीच्या सांगाड्याचा रस्सा करणार असाल तर खडा मसाला निम्माच घ्या, धुराची चव त्यात आधीच उतरलेली असते.